पोर्ट्समथची जुनी गोदी बघून आलो आणि सागवान काही डोक्यातून जात नाहीये

सूरसागरकाठी (बडोदा)

नमस्कार मंडळी. इथं मी कायम वाचनमात्रच असतो पण यावेळी लिहायचंच असं ठरवून बसलोय. मुलगा इंग्लंडात रेडिंगला असतो, त्याच्याकडे दोन महिने आम्ही दोघं राहून आलो. लंडन वगैरे सगळे बघतात तसं बघून झालं, मग मुलगा म्हणाला बाबा तुम्हाला जुन्या मशिनरीचं वेड आहे ना तर पोर्ट्समथला चला, तिथं नौदलाची जुनी गोदी आहे आणि तिचंच आता म्युझियम केलंय. मी मनात म्हटलं चार तोफा आणि दोन नांगर बघायला एवढ्या लांब कशाला, पण तिकिटं काढून झालेली होती.

दोन दिवस लागले आणि तरी सगळं झालं नाही.

पहिली व्हिक्टरी. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन, त्याचं जहाज. १७६५ साली पाण्यात उतरवलेलं, आणि १९२२ पासून कोरड्या गोदीत उभं. सध्या मोठी दुरुस्ती चालूये त्यामुळे बाहेरून बघाल तर सगळी परांची आणि आच्छादन, मधली मोठी डोलकाठी पण काढून ठेवलीये. ही म्हणाली, अहो हे तर आपल्या बडोद्याच्या मांडवी दरवाजासारखं दिसतंय, बांबू लावलेलं! पण आत शिरता येतं आणि खालून जहाजाच्या पोटाखालून पण फिरता येतं. गोदीच्या तळाशी उभं राहून वर बघितलं की ते लाकडी पोट डोक्यावर आलेलं असतं, हजारो टन, आणि खाली सगळीकडून टेकू. आधी थोडेच टेकू होते म्हणे, त्यामुळे जहाज स्वतःच्याच वजनाने बसत चाललं होतं, मग २०२० च्या सुमाराला १३४ नवीन टेकू लावले, आणि प्रत्येकावर किती भार येतोय ते मोजायची सोय आहे. मी तिथं अर्धा तास नुसते टेकूच बघत होतो, मुलगा कंटाळून पुढे गेला.

आत मात्र गुडघेवाल्यांनी जपून. खालच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागतं, मी दोनदा तुळईला डोकं आपटून घेतलं. तोफांच्या मधेच जेवायचं, तोफांच्या वरच झोळी टांगून झोपायचं, आठशेच्या वर माणसं होती ट्राफल्गारच्या लढाईला (२१ ऑक्टोबर १८०५). नेल्सन जिथं गोळी लागून पडला तिथं डेकवर पितळी पट्टी आहे. लोक तिचे फोटो काढत होते. मला खरं सांगायचं तर खालच्या मजल्यावरची ती अंधारी जागा जास्त लागली, जिथं त्याला नेऊन ठेवलं आणि जिथं तो गेला. आपल्या वाड्यात कोठीची खोली असायची ना, तशी.

मग मेरी रोझ. हिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. आठव्या हेन्रीचं जहाज, १५४५ च्या १९ जुलैला याच बंदराच्या तोंडाशी बुडालं, राजा किनाऱ्यावरच्या किल्ल्यातून बघत असताना. पाचशेच्या आसपास माणसं होती त्यातली चाळीस पण वाचली नाहीत, कारण शत्रूने वर चढू नये म्हणून डेकवर जाळी ताणलेली होती आणि बुडताना तीच जाळी आपल्या लोकांना अडकवून बसली. १९८२ साली अर्धं जहाज गाळातून वर काढलं. अर्धं म्हणजे एक बाजू, गाळात रुतलेली म्हणून टिकलेली. उघडी होती ती बाजू किड्यांनी आणि पाण्याने खाल्ली.

काळोखातल्या त्या गॅलरीत काचेपलीकडे ते उभं दिसलं आणि मला एकदम आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमासा आठवला! बडोद्याची कुठलीही पिढी घ्या, लहानपणी त्या सांगाड्याखाली तोंड उघडं टाकून उभी राहिलेली आहेच. महीच्या मुखाशी वाहून आलेला, १९४४ साली. अगदी तीच भावना, फासळ्या मोजायची.

बाकीचं नंतर लिहितो, चहा आलाय.

मांजलपूरची_ताई

काका मस्त लिहिताय, चहा पिऊन लवकर या. देवमाशाखाली मी पण रडले होते म्हणे, आई अजून सांगते. मेरी रोझमधलं सामान पण आहे ना तिथं? आम्ही गेलो तेव्हा मुलं लहान होती, निम्मा वेळ टॉयलेट शोधण्यात गेला 😄

सूरसागरकाठी

हो ताई, १९ हजार वस्तू निघाल्या त्या जहाजातून. धनुष्यं, हजारो बाण, न्हाव्याची म्हणजे तेव्हाच्या सर्जनची अख्खी पेटी, एका कुत्र्याचा सांगाडा पण. पण हिला सगळ्यात आवडल्या त्या फण्या. लाकडी, दोन्ही बाजूंनी दात, एका बाजूला बारीक. माझ्या आजीकडे हुबेहूब अशी होती, रविवारी दुपारी ओसरीवर बसवून ती आमच्या डोक्यातून फिरवायची. ही काचेवर नाक टेकवून म्हणाली, “अहो, दातांत लिखा आहेत!” आणि खरंच बाजूच्या पाटीवर लिहिलेलं, पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या लिखा त्या फण्यांत सापडल्या. एवढा मोठा हेन्री राजा आणि त्याच्या खलाशांच्या डोक्यात उवा. शेजारी उभी असलेली एक गोरी आजी आमच्याकडे बघून हसली, तिला मराठी कळलं नाही पण विषय कळला.

आणि मिऱ्याचे दाणे! काळे मिरे. १५४५ मधे ते आपल्याच बाजूने गेलेले असणार, दुसरं कुठून?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी चौतीस वर्षं केमिकल प्लांटमधे काढली, त्यामुळे भिंतीवर पीईजी शब्द दिसला आणि मी थांबलोच. लाकूड शेकडो वर्षं पाण्यात राहिलं की त्याच्या पेशींच्या भिंती विरघळतात, आतली जागा पाणीच धरून ठेवतं. ते तसंच वाळू दिलं तर लाकूड चुरमडतं, पापडासारखं. म्हणून आधी कितीतरी वर्षं नुसतं गार पाणी फवारत ठेवलं, मग १९९४ पासून पीईजी म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आधी पातळ २०० नंबरचं जे आतपर्यंत शिरतं, आणि नंतर २००० चं जे मेणासारखं घट्ट असतं आणि वरचा थर धरतं. २०१३ पर्यंत फवारणी आणि मग हळूहळू वाळवणं. तीस वर्षं सतत फवारे चालू! आमच्याकडे या पीईजीचे ड्रम ढकलत आम्ही शिव्या घालायचो, मलमात घालतात एवढंच माहीत होतं, आणि इथं त्याच्यावर एक अख्खं जहाज उभंय. मुलाला म्हटलं, बघ, तुझ्या बापाने पण इतिहास वाचवलाय. तो म्हणाला बाबा हळू बोला.

सोलंटपार (मूळ बडोदा, हल्ली साउदॅम्प्टन)

मी इथं एमएस करतोय, गोदी अर्ध्या-पाऊण तासावर. जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: लंडन वॉटर्लूहून सरळ गाडी आहे, पोर्ट्समथ हार्बर या शेवटच्या स्टेशनला उतरायचं, उगाच आधीच्या साउथसीला उतरू नका. स्टेशनातून बाहेर आलं की समोरच वॉरियर हे जुनं जहाज उभं दिसतं, दोन मिनिटं चालायचं. सगळ्या जहाजांचं एकत्र तिकीट घ्या, ते वर्षभर चालतं, म्हणून एका दिवसात धावपळ करू नका. मेरी रोझमधे लिफ्ट आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर तर काच पण नाही, जहाज जी हवा घेतं त्याच हवेत आपण उभे असतो. व्हिक्टरी आणि वॉरियरवर मात्र उभे जिने, ज्येष्ठांनी ठरवून जा. गोस्पोर्टच्या पाणबुडी म्युझियमला होडी जाते, ती सोडू नका.

आणि खाणं उघड्यावर काढू नका!! सी गल भयंकर आहेत.

सूरसागरकाठी

सी गलबद्दल आधी सांगायला हवं होतंस रे बाबा. आमची बडोद्याहून नेलेली भाकरवडी, हिने डबा उघडला आणि झडप घालून एक उचलून नेली. दुसऱ्या मिनिटाला तो परत आला. त्याला आवडली असं दिसतंय.

रोखठोक_बोल

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही. ज्या नौदलाने आपल्याला दीडशे वर्षं लुटलं त्याच्या जहाजांना पैसे देऊन नमस्कार करायला आपण जातो आणि वर धागा काढतो. नेल्सनने आपलं काय भलं केलं? विजयदुर्ग, सिंधुदुर्ग किती जणांनी बघितलेत इथं हात वर करा.

लश्करचा_बाळ (ग्वाल्हेर)

हात वर. दोन्ही बघितलेत. आणि विजयदुर्ग बघितलाय म्हणूनच सांगतो, १७५६ ला तिथं आंग्र्यांचं आरमार जळालं ते वॉटसन आणि क्लाइव्ह आले म्हणून, पण त्यांच्या बाजूने जमिनीवर कोण होतं? पेशवे. तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. आपलं आरमार आपल्याच हाताने गेलं. त्यामुळे राग कोणावर काढायचा ते आधी ठरवा. आमच्या ग्वाल्हेरात आंग्र्यांचे वंशज शिंद्यांचे सरदार म्हणून राहिले, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर. कान्होजींचं घराणं आणि चहूबाजूंना चंबळची माती, मला लहानपणी याची फार गंमत वाटायची आता वाईट वाटतं.

गिर्ये गावाजवळ खाडीत आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे. शेवाळं आणि खेकडे. पाटी शोधावी लागते. पोर्ट्समथला १४९५ मधे सातव्या हेन्रीने कोरडी गोदी केली त्याचं ते अजून कौतुक सांगतात.

सूरसागरकाठी

रोखठोकभाऊ, नमस्कार करायला गेलो नव्हतो, बघायला गेलो होतो. आणि बघायला गेलो म्हणून जे कळलं तेच मला लिहायचंय, त्यासाठीच खरं तर धागा काढला, लिखा आणि पीईजीत वाहवत गेलो.

तिसरं जहाज वॉरियर. १८६० चं, सगळंच लोखंडी. तोपर्यंत लाकडी जहाजं होती, ही आली आणि बाकी सगळी एका दिवसात जुनी झाली. हिच्या बाजूंना साडेचार इंच जाडीचं लोखंडी चिलखत आहे. तिथले एक म्हातारे स्वयंसेवक भिंत थोपटून म्हणाले की या लोखंडाच्या मागे अठरा इंच सागवान आहे. सागवान! मी दोनदा विचारलं. हो म्हणाले, टीक. गोळा बसला की लोखंड धक्का लाकडावर टाकतं आणि लाकूड तो पिऊन टाकतं.

मग मी विचारलं ओक का नाही, ओक तर तुमच्या घरचा. ते म्हणाले ओकमधे आम्ल असतं, ते लोखंडी खिळे-बोल्ट खातं. सागात तेल असतं, लोखंड सुरक्षित राहतं, कीड लागत नाही. मग आमची गट्टीच जमली. कुठून आलात, बडोदा, बडोदा कुठं, मुंबईच्या वर. मुंबई म्हटल्यावर ते मला डेकच्या कडेला घेऊन गेले आणि बंदराच्या पाण्याकडे बोट दाखवलं. १९३२ पासून १९८६ पर्यंत इथं एक मुंबईचं जहाज उभं होतं म्हणाले. फूड्रॉयंट नाव लावलेलं, शाळेतली पोरं त्याच्यावर राहून शिडं-दोर शिकायची. खरं नाव ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत १८१७ ला वाडियांनी बांधलेलं, मलबारच्या सागाचं. पहिल्या सफरीत १८१९ ला याच पोर्ट्समथला येऊन पोचलं आणि कितीतरी वर्षं पडून राहिलं, लढाया संपल्या होत्या ना. आता ते वर हार्टलपूलला आहे, आणि ब्रिटनचं सगळ्यात जुनं पाण्यावर तरंगणारं लढाऊ जहाज तेच.

व्हिक्टरी त्याच्याहून जुनी, पण ती जमिनीवर आहे, टेकूंवर. तरंगतंय ते मुंबईचं.

मी तिथं काही बोललो नाही. ही म्हणाली डोळ्यांत वारा गेला का.

जुनापुराणा

काका, तुमच्या या पोस्टला दंडवत. थोडी भर घालतो. हे जहाज बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचे सुतार, १७३६ ला कंपनीने त्यांना मुंबईत आणलं. म्हणजे तुमच्या बडोद्याहून दोन तासांवरचा माणूस. १७५० ला मुंबईत आशियातली पहिली कोरडी गोदी झाली ती त्यांच्याच काळात. ट्रिंकोमालीची तर मजाच झाली, तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन जावा नावाचं जहाज १८१२ ला निघालं आणि वाटेत ब्राझीलजवळ अमेरिकनांनी ते पकडून जाळलं. नकाशे गेले. दुसरे पाठवायला लागले, म्हणून काम इतकं लांबलं. आणि बांधणी सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकलेला आहे.

चीनला हाँगकाँग द्यायला लावणारा १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिसवर झाला ते पण वाडियांच्याच हातचं. अभिमान बाळगायचा का लाज तुम्हीच ठरवा.

नेल्सनचं पण एक. तो पोरगा असताना सीहॉर्स जहाजावर हिंदुस्थानात आला होता, मुंबईला पण. १७७६ ला तापाने इतका खंगला की घरी धाडून दिला. आपले राघोबादादा सुरतेचा तह करत होते (मार्च १७७५) तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा इथल्याच समुद्रात!

रोखठोक_बोल

मुंबईच्या जहाजाचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेत नाही पण आवाज कमी करतो.

छप्पनचा_राजा (इंदूर)

भिया लोक, आमच्याकडे समुद्र नाही, एक पिपल्यापाला तलाव आहे त्यात पॅडल बोट. तरी धागा एका बैठकीत वाचला, पोहे गार झाले. आपल्याकडे असं जहाज म्युझियम का नाही?

अलकापुरीकर

होतं. विक्रांत. मुंबईत कितीतरी वर्षं म्युझियम होतं, शाळेच्या ट्रिपला जाऊन आलोय. २०१४ ला भंगारात गेलं. मग विराट. तिचं पण म्युझियम करायचं, हॉटेल करायचं, खूप चर्चा झाली.

आणि ही विराट म्हणजे काकांच्या त्याच पोर्ट्समथची. तिकडे तिचं नाव हर्मीस. १९८२ च्या एप्रिलात फॉकलंडच्या लढाईला ती तिथूनच निघाली, सगळं गाव धक्क्यावर. १९८७ ला आपल्याकडे आली आणि २०१७ पर्यंत राबली. २०२० च्या सप्टेंबरात मोडायला म्हणून अलंगला किनाऱ्यावर चढवली. मी नवरात्रीच्या आधी भावनगरला आत्याकडे गेलो होतो, तेव्हा दुरून बघितली. भरती ओसरलेली, चिखलात ती एवढी मोठी, आणि तिच्या सावलीत माणसं मुंगीएवढी. लोक मोटरसायकलवर पोरांना पुढे बसवून आलेले. एक काठियावाडी म्हातारा मला म्हणाला, “आ तो घरडी मां छे, एने आम ना मुकाय.” (ही तर म्हातारी आई आहे, तिला असं टाकायचं नसतं.) तिथून मी थेट निघून आलो. अलंगच्या बाजाराचे एवढे शौकीन आम्ही, आमच्या घरातला डायनिंग टेबल पण अलंगचाच, पण त्या दिवशी काही घ्यावंसं वाटलं नाही.

मांजलपूरची_ताई

😔 वाचूनच कसंतरी झालं. लोथलला मोठं सागरी वारसा संकुल होतंय ना पण? आम्ही मागच्या हिवाळ्यात लोथलला गेलो, बडोद्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. ती विटांची गोदी दोनशे मीटरहून लांब आहे, चार हजार वर्षांपूर्वीची. काही जण म्हणतात गोदी नाहीच, तलाव आहे. माझ्या मुलाने त्यात दगड टाकून ठरवलं की गोदी आहे.

सोलंटपार

सूरसागरकाठी काका, सागवानाचं ते खिळे न गंजण्याचं खरंय का? माझा रूममेट मटेरियल्सचा आहे, तो म्हणतो टीकमधलं तेल वगैरे ठीक पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मानणार नाही.

सूरसागरकाठी

तुझ्या रूममेटसाठी प्रयोग करून आलोय. उशीर झाला कारण मिस्त्री चार दिवस येतो येतो करत होता.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, आजोबांनी बांधलेलं, आता पाडायला काढलंय. (पाडतोय म्हणून कोणी बोलू नका, पाच भाऊबहिणी आहेत, सह्या व्हायला अकरा वर्षं लागली.) ओसरीवरच्या झोपाळ्याची फळी सागाची, आणि मागच्या न्हाणीघराच्या दाराची चौकट दुसऱ्या कुठल्यातरी लाकडाची, काय ते मिस्त्रीलाही सांगता आलं नाही. दोन्हीतून एकेक जुना लोखंडी खिळा काढायला सांगितला. चौकटीतला खिळा ओढताच मधे तुटला, पकडीत लाल भुकटी आली. अर्थात न्हाणीघर म्हणजे ओल, त्यामुळे हा काही न्याय्य सामना नव्हता हे मी आधीच कबूल करतो.

झोपाळ्याचा खिळा निघता निघेना. मिस्त्रीने लोखंडी पहार लावली, फळीवर पाय दिला, शेवटी किंचाळत बाहेर आला. डोक्याची टोपी गंजलेली होती, जिथं हवा लागते तिथं. पण आत जेवढा लाकडात होता तेवढा काळा, सरळ, तेलकट. मिस्त्रीने बोटाने पुसला आणि वास घेतला, मला पण दिला. ऐंशी वर्षांनी सागाचा वास येत होता.

तो खिळा मी कुरिअरने मुलाकडे पाठवतोय. ऑक्टोबरात आम्ही परत जातोय, हार्टलपूलची तिकिटं त्याने काढलीत. ट्रिंकोमालीवर चढताना खिशात ठेवणार. सिक्युरिटीवाल्याने काढून घेतला तर इथं येऊन कळवतो.

मांजलपूरची_ताई

झोपाळ्याची फळी कोण घेतंय काका? नक्की पाचांत भांडण होणार. नाहीतर मला विचारा.

सूरसागरकाठी

भांडण सुरू झालंय.